किनारा धरून: पडाव, पंचांग आणि आपला समुद्राचा इतिहास

आजच्या विषयाची चिठ्ठी वाचून संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, "सर, पिंपरी-चिंचवडमध्ये समुद्र?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मुळा आहे, पवना आहे, इंद्रायणी आहे. समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. तरीसुद्धा मी हा विषय मुद्दाम इथे घेतला, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक इतिहासाचं आणि एक घरचं. घरचं शेवटी सांगेन.

इतिहासाचं कारण असं. आज चाकणला कारखान्यातून गाडी बाहेर पडते, ट्रेलरवर चढते, घाट उतरते आणि बंदरातून जहाजात जाते. आपल्याला वाटतं ही जागतिकीकरणानंतरची गोष्ट. पण चाकणचं महत्त्व पूर्वीपासून याच उताराशी बांधलेलं आहे. कोकणातल्या खाड्यांत माल उतरायचा. कल्याण, पनवेल, चौल, नागोठणे. तिथून बैलांच्या पाठीवर नाणेघाट, कुसूर घाट, बोरघाट अशा वाटांनी तो वर यायचा. वर आल्यावर जुन्नर, पुणे, नगर या रस्त्यांच्या सांध्यावर चाकण. म्हणून तर १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात आल्यावर त्याला हा लहानसा भुईकोट घ्यावासा वाटला, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. आपण लढाई लक्षात ठेवली. त्या रस्त्यावरून काय जात होतं ते विसरलो. मीठ, खोबरं, सुकी मासळी, खारका, घोडे. आणि हे सगळं त्या खाड्यांपर्यंत आणलं कुणी? लहान शिडाच्या होड्यांनी, किनाऱ्याकिनाऱ्याने. आज मी या "किनाऱ्याकिनाऱ्याने" या एका शब्दाबद्दल बोलणार आहे.

आता मी पुस्तकातला माणूस. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. हा शब्द मला कळला तो एका विद्यार्थ्यामुळे. हा चाकणला अभियंता म्हणून नोकरी करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी, अठ्ठावीस फुटी फायबरची शिडाची बोट विकत घेतली. आत चार माणसं झोपतील एवढी जागा, एक शेगडी, एक छोटं इंजिन, बाकी सगळा भरवसा वाऱ्यावर. डिसेंबरात त्याचा फोन आला, "सर, मांडव्याहून देवगडला जातोय. येता का?" मी तेव्हा साठी ओलांडलेली होती. घरून विरोध झाला. तरी गेलो.

मांडवा ते देवगड हे अंतर समुद्रातून सुमारे दीडशे सागरी मैल, म्हणजे २८० किलोमीटरच्या आसपास. मोटारीनं एक दिवस. आम्हाला सहा दिवस लागले. पहिला मुक्काम मुरूडला, जंजिऱ्याच्या सावलीत. दुसरा बाणकोटला, सावित्रीच्या मुखाशी. मग दाभोळ, मग रत्नागिरी, मग विजयदुर्ग आणि सहाव्या दिवशी दुपारी देवगड. वारा चांगला असला की बोट ताशी पाच सागरी मैल जायची, म्हणजे सायकलवरचा म्हातारा माणूस आपल्याला मागे टाकेल एवढा वेग. पण या वेगाला किनारा दिसतो. कोणता डोंगर कोणत्या खाडीचा पहारेकरी आहे, कोणत्या किल्ल्यावरून कुठलं मुख दिसतं, हे नकाशावर वाचणं वेगळं आणि तासन्‌तास बघत जाणं वेगळं.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत. परीक्षेत एक मार्क मिळवला आणि विसरलो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दिवसा जमीन तापते, दुपारपासून वारा समुद्राकडून येतो. तो खारा. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हा दुपारचा वारा बहुतेक वेळा वायव्येकडून असतो. म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी. शीड सोडा आणि बसा. पण देवगडाहून मुंबईकडे यायचं असेल तर हाच वारा तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला असं वारा कापत जावं लागतं, आणि दहा मैलांचे पंधरा-वीस होतात. म्हणून पूर्वीचे तांडेल उत्तरेकडे येताना पहाटेच्या अंधारातच निघत. मतलई वारा पूर्वेकडून, म्हणजे होडीच्या बगलेवर येतो. तो पडेपर्यंत जमेल तेवढं अंतर कापायचं. मग दुपारी एखाद्या खाडीत शिरायचं, नाहीतर नांगर टाकायचा. म्हणजे बघा, एकाच किनाऱ्यावर जाण्याचं गणित वेगळं आणि येण्याचं वेगळं.

हे गणित लक्षात घेऊन आता इतिहासाकडे येऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एक पुस्तिका लिहिली गेली. 'पेरिप्लस' या नावानं ती प्रसिद्ध आहे. पेरिप्लस म्हणजेच किनारा धरून केलेली सफर. तिच्यात भडोचच्या खाली आपल्या किनाऱ्यावरची बंदरं एकामागून एक सांगितली आहेत. सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. लिहिणारा सांगतो की चुकून कल्याणला लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर बंदरांची चढाओढ होती आणि किनाऱ्यावर पाळत ठेवण्याची सोय होती.

पुढे सतराव्या शतकात या. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि राज्याला प्रथमच खाडी मिळाली. जहाजं बांधायला सुरुवात झाली. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर होते, रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा प्रमुख. पोर्तुगीजांना धोका कळला आणि ही माणसं काम टाकून गेली. राहिले ते इथलेच सुतार, इथलेच भंडारी, कोळी, दालदी. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः मालवणहून समुद्रमार्गे निघाले आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या बसरूरवर गेले. इंग्रजांच्या पत्रांत या आरमाराची संख्या आहे: ८५ लहान गलबतं आणि ३ मोठी जहाजं. बसरूरची लूट झाली, परतताना गोकर्णाला स्नान झालं, आणि तिथून महाराज सुमारे चार हजार माणसांनिशी जमिनीवरून अंकोला, कारवार असे वर आले. बरीचशी गलबतं त्यांनी आधीच परत धाडली होती.

आता ही मोहीम आपण कशी शिकवतो? अचानक छापा, धाडस, लूट. ते आहेच. पण वाऱ्याचं गणित लावून बघा. फेब्रुवारीत दक्षिणेकडे जाताना वायव्येचा वारा पाठीशी. अठ्ठ्याऐंशी जहाजांचा ताफा झपाट्यानं खाली येऊ शकतो. परतताना तोच वारा तोंडावर. चार हजार माणसं गलबतात कोंबून रोज नागमोडी वर चढणं म्हणजे दिवस, पाणी आणि शिधा यांचा नाश. जमिनीवरून येण्याला कारवारची खंडणी हे कारण होतंच. पण माझा तर्क असा की वारा हेही कारण असलं पाहिजे. समुद्रातून खाली आणि जमिनीवरून वर, ही योजना एखाद्या तांडेलाशी बसून बोलल्याशिवाय होत नाही. त्या तांडेलाचं नाव कुठल्याही बखरीत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे, साधारण १७१५ च्या सुमाराची, आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यातलं आरमाराचं प्रकरण एकदा शिडाच्या होडीत बसून वाचावं. ते आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानतात, हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं बघा. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. वाऱ्यावाचून हलणारच नाही असं थोरलं जहाज बांधूच नये. वारा प्रतिकूल झाला तर हट्ट न धरता आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावं. पावसाळ्यात आरमार कुठे ठेवायचं, ते दरसाल एकाच बंदरात का ठेवू नये, आंबा-फणसासारखी रयतेची झाडं जहाजाच्या लाकडासाठी परस्पर का तोडू नयेत, हे सगळं तिथं आहे. हे अमात्यांना कुणी सांगितलं? ते काही शीड ओढणारे नव्हते. त्यांनी खलाशांचं ऐकलं आणि लिहिलं. आपल्या भाषेत असं ऐकून लिहिणं फार थोड्यांनी केलं, म्हणून त्याची किंमत.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या इतिहासलेखनात एक वाक्य परत परत येतं: मराठ्यांचं आरमार किनाऱ्यापुरतं होतं, खाडीपुरतं होतं, खोल समुद्रात जाण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. या वाक्यात थोडं सत्य आहे, ते मी नाकारत नाही. महासागर ओलांडून शत्रूच्या मूळ ठाण्यावर जाण्याची ताकद आपल्यात नव्हती. आपण सागरी नकाशे छापले नाहीत. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीनं विजयदुर्गावर मोहीम केली; त्या लढाईत तुळाजी आंग्र्यांचं सबंध आरमार बंदरातच जळालं. शत्रुत्व घरातलं होतं, पण जळलं ते शंभर वर्षांत जमवलेलं. हे सगळं मान्य.

पण "किनाऱ्यापुरतं" या शब्दातला जो "पुरतं" आहे ना, तो चुकीचा आहे. त्यात असं गृहीत धरलंय की किनारा सोडणं म्हणजे कौशल्य आणि किनारा धरणं म्हणजे भीती. कुठल्याही शिडाच्या बोटवाल्याला विचारा. तो सांगेल की होडीला खोल पाण्याचा धोका कमी, जमिनीचा जास्त. भर समुद्रात वादळ आलं तर शीड उतरवून वाहत जाता येतं, कारण आपटायला काही नसतं. किनाऱ्याशी मात्र खडक, वाळूचे दांडे, ओहोटी, मासेमारीची जाळी आणि रात्री दिवा न लावता उभी असलेली होडी. तिथं डोळा लागला की संपलं.

जगप्रदक्षिणेचं उदाहरण घ्या. आपल्याच लष्कराच्या अभियंता दलाची 'तृष्णा' ही ३७ फुटी शिडाची नौका सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबईहून निघाली आणि जगाला वळसा घालून जानेवारी १९८७ मध्ये परतली. त्या दलाचं शिक्षणपीठ म्हणजे आपल्या दापोडीचं सी. एम. ई. आपण रोज त्याच्या भिंतीवरून जातो. पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या डोक्यात एकट्या भारतीयानं शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा करावी हे स्वप्न आलं. हे आवटी निवृत्तीनंतर कुठे राहत होते? फलटणजवळ विंचुर्णी नावाच्या खेड्यात, समुद्रापासून दूर. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. हा पराक्रम मोठा आहे, मला त्यात काहीही कमी करायचं नाही. मी एवढंच म्हणतोय की या पराक्रमाला लागणारी नजर आणि देवगडाहून कौलं भरून मुंबईला येणाऱ्या पडावाला लागणारी नजर यांत एक वरची आणि एक खालची असं काही नाही. एकीची नोंद झाली, दुसरीची झाली नाही.

नोंद का झाली नाही, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि इथे मला माझ्या विषयात थोडं शिरू द्या.

बौधायन धर्मसूत्रात एक गंमत आहे. एका ठिकाणी उत्तरेकडच्या लोकांच्या चालीरीती मोजताना समुद्रावर जाणं हीही त्यांची एक रीत म्हणून सांगितली आहे. पुढे पतित करणाऱ्या कर्मांची यादी येते, तेव्हा पहिलंच नाव समुद्रयानाचं. म्हणजे लोक जात होते म्हणूनच बंदी लिहावी लागली. पण लिहिणारे वर्ग या बंदीमुळे समुद्रापासून दूर राहिले. राघोबादादांचा वकील हणमंतराव इंग्लंडला जाऊन आला, तर परतल्यावर त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ही १७८० च्या दशकातली गोष्ट. याचा परिणाम काय झाला? ज्यांच्या हातात लेखणी होती ते समुद्रावर नव्हते आणि जे समुद्रावर होते त्यांच्या हातात लेखणी नव्हती. आपल्या सागरी इतिहासातली सगळ्यात मोठी फट ही आहे.

प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या सहाव्या भागात जहाजाचा दृष्टांत दिलाय. खरा सुकाणूवाला ऋतू, आकाश, तारे, वारा यांचा अभ्यास करतो, आणि बाकीचे खलाशी त्याला तारे मोजणारा निरुपयोगी माणूस म्हणून हसतात. प्लेटोच्या मनात तो सुकाणूवाला म्हणजे तत्त्ववेत्ता. मी चाळीस वर्षं हा उतारा शिकवला, आणि दर वेळी त्या सुकाणूवाल्याच्या जागी मनातल्या मनात स्वतःला बसवलं. आमच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. इथं ऋतू, आकाश आणि वारा जाणणारा तो तांडेल होता, आणि हसणारे आम्ही शिकलेले.

न्यायदर्शनात शब्दप्रमाण आहे: विश्वासार्ह माणसाचं सांगणं हे ज्ञानाचं साधन. असा माणूस तो आप्त. आता आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायन सांगतो, ज्यानं ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि पुढे तो स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे मत. जन्म नाही, पदवी नाही, अक्षरओळख नाही. जाणणं आणि खरं सांगणं, एवढंच. या कसोटीवर तांडेल हा आप्त ठरतो. सिद्धान्त आमच्याकडे होता. आम्ही तो वापरला नाही.

आता बाणकोटची गोष्ट, आणि तिच्यातूनच घरची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही सावित्रीच्या मुखाशी पोचलो. डाव्या हाताला हरिहरेश्वर, समोर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं तो. सूर्य बुडालेला. मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तो जागा बदलतो. माझ्या विद्यार्थ्याकडे उपग्रहाचं यंत्र होतं, खोली मोजायचं यंत्र होतं. नकाशा एक सांगत होता आणि खोलीचा आकडा दुसरं. तो घाबरला, मीही घाबरलो. तेवढ्यात एक मच्छीमार होडी परतत होती. सुकाणूवर एक वयस्क गृहस्थ. त्यांनी ओरडून विचारलं, "आज तिथी कुठली हाय?"

मी डॉक्टरेट, तो अभियंता. दोघांनाही सांगता येईना. त्यांच्या होडीवरच्या पोरानं सांगितलं, दशमी. ते म्हणाले, "दहाची पाऊणपट साडेसात. ते मुंबईचं. आपल्याकडं पाणी आधी भरतं, सात धरा. पण भांगाचं पाणी हाय, फार चढायचं नाय. अर्धा-पाऊण तास थांबा आन माझ्या मागनं या." आणि ते खरोखर आमच्यासाठी थांबले. सातच्या आत आम्ही आत होतो.

हा हिशेब काय आहे ते सांगतो. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही तशीच मागे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती बाराच्या आसपास. म्हणून तिथीला पाऊण तासानं गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला चढते, म्हणून मुंबईच्या आधी ती खाली येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. आणि मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर हलतं तर गोव्याकडे जेमतेम दोन. हे सगळं त्या गृहस्थांनी चार वाक्यांत सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे आजोबा पडावावर तांडेल होते. देवगडजवळच्या खाडीकाठी आमचं घर. मंगलोरी कौलं, मीठ, हंगामात आंब्याच्या पेट्या, असा माल घेऊन ते मुंबईला जात. नारळी पौर्णिमेनंतर पाणी शांत झालं की पडाव पाण्यात, आणि पावसाळ्याआधी ओढून माडांच्या झावळ्यांखाली. माझे वडील पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये लागले म्हणून आम्ही इकडे वाढलो. मेच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं जायचं. बोट बाहेर उभी राहायची आणि मचव्यातून उतरायचं. मी एम. ए. तत्त्वज्ञान करत होतो त्या वर्षीही गेलो होतो. आजोबांची नजर गेलेली. रोज सकाळी ते मला विचारत, "बाबू, आज तिथी काय?" आणि मी पंचांग उघडून सांगायचा. एक दिवस मी वैतागलो. त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. तिथी, वार, नक्षत्र यांचा माणसाच्या आयुष्याशी काही संबंध नाही, ही अंधश्रद्धा आहे, वगैरे. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बरां." आणि उठून खाडीकडे तोंड करून बसले.

मंडळी, तो माणूस भरती बघत होता. डोळे गेले होते, पडाव विकला गेला होता, पण खाडीत पाणी कधी भरेल हे तो रोज मनात मोजत होता. आणि मी, ज्ञान म्हणजे काय यावर पुढे प्रबंध लिहिणारा, त्याला ज्ञान आणि श्रद्धा यांतला फरक समजावत होतो. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही तिथी का विचारता. पुढच्याच वर्षी ते गेले.

पडावांचं युग हळूहळू संपलं. आधी आगबोटी आल्या, मग होड्यांना यंत्रं लागली, रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जुनं ते सगळं सुरक्षित होतं असंही मी म्हणणार नाही. पडाव बुडत, माणसं जात. पण नवीन आलं तेव्हा जुन्यातलं काय राखायचं याचा विचार झाला नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' ही आगबोट रेवसला जाताना काशाच्या खडकापाशी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात पडाव किनाऱ्यावर ओढलेले असायचे, आगबोटीची फेरी मात्र चालू होती. यंत्र आलं की ऋतूचा नियम आपल्याला लागू नाही असं वाटायला लागतं. असं वाटणं ही फक्त समुद्रावरची चूक नाही; आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

शेवटचं. इथे बसलेल्यांपैकी आणि पुढे हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी घरं मूळची कोकणातली असतील. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत तिकडून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या काम करताहेत. तुमच्या गावी ऐंशी-नव्वदीचा कुणीतरी असेल, ज्यानं पोरवयात पडावावर खलाशी म्हणून पाणी काढलं असेल, शीड ओढलं असेल. त्याच्याकडे जा. फोनवर ध्वनिमुद्रण करा. त्याला वीरकथा विचारू नका. विचारा: कुठल्या महिन्यात कुठून निघायचे? अंधारात मुख कसं ओळखायचे? कुठल्या डोंगराच्या रेषेत कुठलं देऊळ आलं की वळायचे? वारा पडला तर काय करायचे? वाऱ्यांची त्यांची नावं काय होती? आणि तो जे सांगेल ते त्याच्या बोलीत तसंच लिहून घ्या, शुद्ध करू नका. हे काम इतिहास संशोधक एकटे करू शकणार नाहीत, आणि दहा वर्षांनी कुणालाच करता येणार नाही.

आणि जाताना एक करा. घरी गेल्यावर आजची तिथी बघा, पाऊणपट करा, आणि मग मुंबईच्या भरतीची वेळ फोनवर तपासा. थोडी मिनिटं इकडेतिकडे होतील. जेवढं जुळेल, तेवढं माझ्या आजोबांचं.